होडीचे दहा लेई

लिफ्ट एकशे बारा मीटर खाली येते
आणि दार उघडताच पोरं पाळण्याकडे पळतात.
वर ट्रान्सिल्व्हेनियात बर्फ पडो, ऊन पडो,
इथे बारा अंश, बाराही महिने.

ओक्तावियन होड्यांची तिकिटं फाडतो.
याच खाणीत तेवीस वर्षं त्यानं मीठ तोडलं.
तेव्हा हे तळं नव्हतं.
तळ होता,
तो रोज थोडा खाली जायचा.

नात चित्रावर बोट ठेवून विचारते, घोडे कुठे गेले?
रहाट वर होता, तो सांगतो.
गोल गोल फिरायचे, डोळे जाईपर्यंत.
त्यानंही पाहिलेलं नाही,
पणजोबांकडून आलेलं.
एका घोडीचं नाव तेवढं घरात टिकलं : ब्रुमा.

नात भिंत चाटते.
मनाईच्या पाटीखालीच सगळी पोरं चाटतात.
"खारट!" ती ओरडते,
जणू हिलाच शोध लागला.

तो रागावत नाही.
गेल्या शरदात डॉक्टरांनी त्याचं मीठ तोडलं.
घरी सूप अळणी, पाव अळणी,
बायको डबा कुलपात ठेवते.

इथे कठडा ओला, हात ओले,
आणि तिकिटं एकमेकांना चिकटलेली.
सुटी करायला
तो अंगठा जिभेला लावतो,
दिवसातून दोनतीनशे वेळा.