हातचा

रामबागेतली आमची शाळा, नावाला मराठी,
मधल्या सुट्टीत सगळी हिंदी.
जेवणाच्या वहीला निळा पुठ्ठा आहे,
ती माझ्या ताब्यात.
महिन्याचे साडेचारशे, दहा तारखेच्या आत.
अकरापासून नावापुढे लाल टिंब.
टिंब म्हणजे गरम ताट बंद,
हातावर दोन बिस्किटं
आणि जाळीजवळचं बाक.

नियम मी केलेला नाही.
टिंब मात्र माझ्याच पेनाचं.

यंदा टिंबं अकरा.
जयेश कौशल: वडील सियागंजात पोती उचलायचे,
मणका सरकला, आता खाटेवर.
भाविका कुशवाह: आई सराफ्यात
रात्री दोनपर्यंत लोकांच्या प्लेटा विसळते.
तहसीन मन्सुरी सांगतो, रोजा आहे.
ईद होऊन तीन महिने झाले.
भाविकाची मंगळवारी चतुर्थी, बुधवारी प्रदोष,
गुरुवारी तिलाच आठवेना काय ते,
म्हणाली, बाई, आज असाच आहे उपवास.

मंडळाची बैठक झाली. विषय क्रमांक सात,
आधी कंपाउंडची भिंत, मग हे.
एक म्हणाले, पालकांना सवय लागते.
दुसरे म्हणाले, सरकारी शाळेत फुकट मिळतं की,
तिकडे जावं.
तिसऱ्यांच्या ओळखीत एक दाते होते,
त्यांना फक्त एक फोटो हवा होता,
अकरा मुलं, अकरा ताटं, मध्ये ते स्वतः.
चौथे म्हणाले, मुलं आपली आहेत हो,
आणि घड्याळ बघितलं.
मी इतिवृत्त लिहिलं: चर्चा झाली.
बशीतली लवंगी सेव उरली होती,
ती कागदात बांधून मी घरी नेली.
हेही लिहायला हवं होतं.

स्वयंपाकघरात सरूबाई चौरे परात घासत होती.
शिक्षण तिसरी, तेही अर्धी.
म्हणाली, मॅडम, एक विचारू?
बेरीज करताना तुम्ही हातचा घेता ना,
तो लिहिता कुठे?
म्हटलं, कुठे नाही. मनात.
म्हणाली, मग झालं तर.
आणि डाळीत एक लोटा पाणी वाढवलं.

त्या दिवसापासून
एकशेबारा ताटं वहीत,
आणि हातचे अकरा.

जाळीजवळचं बाक शिपायानं दुरुस्तीला नेलं,
अजून आणलेलं नाही. मी आठवणही केली नाही.
पहिल्या दिवशी तहसीन दाराशी थांबला,
बाई, आज रोजा नसला तर चालेल?
मी वही उघडून बघितल्यासारखं केलं.
म्हटलं, आज नाहीये.
जयेश चौथी पोळी खिशात घालताना दिसला,
खिसा तेलकट झाला. मी खिडकीकडे वळले.

मागच्या आठवड्यात एका पालकांचं पत्र आलं:
आम्ही वेळेवर पैसे भरतो,
तरी डाळ पातळ का?
बरोबर आहे त्यांचं.
पातळच आहे.
आवक क्रमांक टाकला, फाइलला लावलं,
उत्तर तीनदा लिहायला घेतलं.
काय लिहू? की तुमच्या मुलीच्या वाटीतला
एक घोट रोज कुणीतरी पितं,
आणि हे तुम्हाला विचारून केलेलं नाही?

मार्चमध्ये हिशेब तपासनीस येतील.
तांदूळ इतका, ताटं इतकी,
ताळा जुळणार नाही.
बोट ठेवून विचारतील, हे काय?
सरूबाईचं नाव मी घेणार नाही, इतकं ठरलंय.
पुढचं ठरलेलं नाही.

रात्री झोप लागत नाही तेव्हा
तिसरीतलं गणित आठवतं.
हातचा हातात ठेवायचा नसतो,
पुढच्या घरात मिळवायचा असतो,
विसरलं की सगळंच चुकतं.
पुढचं घर कुणाचं?
मंडळाचं? सरकारचं? त्या पत्रवाल्यांचं?

उजाडल्यावर मी उठते, डबा भरते.
हल्ली दोन पोळ्या जास्त लाटते.
लाल पेन टेबलाच्या खणात आहे,
वाळलं असेल.