करवतकाठी

बाबांनी माग विकला त्या उन्हाळ्यात
गोळीबार चौकातल्या आमच्या पुढच्या खोलीत
मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून
एक टीव्ही बसवला,
आणि त्याला जोडलेला राखाडी डबा:
जपानी डब्याची कुठूनशी आलेली नक्कल.
कॅसेटवर छापलेलं, नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ.
मी मोजले. सात.
बाकी सगळे त्याच सातांचे
रंग बदललेले भाऊ.

ताशी पाच रुपये.
पाचपावलीची पोरं यायची, चपलांचा ढीग दारात,
कूलरपुढे कोण बसणार यावरून आधी भांडण.
कॅसेट अडली की फुंकर मी मारायची,
तो माझा हुद्दा.
लाइन गेली की कोणाची किती मिनिटं उरली
ते आई खडूने लिहायची
तांदळाच्या कोठीवर.

बाबा खेळले नाहीत कधी.
मागे खाटेवर बसून बघायचे.
पडद्यावर डोंगर सरकत यायचे, पायऱ्यापायऱ्यांचे,
ढगसुद्धा चौकोनी.
एकदा उठले, काचेपाशी गेले,
डोंगराच्या कडेवरून बोट फिरवलं,
एक घर वर, एक घर आडवं.
"हे त करवत आहे वो पोरी,
आपल्या काठाची करवत.
कोन्या कोष्ट्यानं काढली असन?"
"काका, बाजूले व्हा ना,"
सुधन्वा बारापात्रे ओरडला,
"मरून राहिलो न मी!"

खूप वर्षांनी कुठेतरी वाचलं, त्यांना सांगितलं:
ती मूळची कंपनी क्योटोतली,
अठराशे एकोणनव्वदची.
आधी पत्ते बनवायची. हाताने.
तुतीच्या सालीचा कागद, थरावर थर,
आकडे नाहीत, फुलं,
बारा महिन्यांची बारा.
जुगारी लोक गिऱ्हाईक.
मग पत्त्यांचे दिवस उतरले तशा टॅक्स्या काढल्या,
झटपट भात विकून पाहिला.
नाही जमलं.
मग खेळणी, मग हे.
नावाचा अर्थ म्हणे, नशीब आभाळावर सोडा,
पण तोही नक्की कोणाला ठाऊक नाही.

"आपल्याकडे त्याले रामभरोसे म्हनते,"
बाबा हसले.
सुपारी कातरत राहिले बराच वेळ.
मग, अडकित्त्याकडेच बघत,
"मंग ते पत्ते करनारे हात कुठी गेले?"

तेवढं लिहिलेलं नव्हतं.
अजून बनवतात थोडे पत्ते, मी म्हणाले.
थोडे म्हणजे किती, ते मलाही माहीत नव्हतं.
त्यांची तुती, आपला टसर,
असं काहीतरी जुळवायला गेले
तर ते म्हणाले, सुपारी घे.

मागच्या वैशाखात भावाच्या लग्नात
आईने बाबांच्या हातची शेवटची करवतकाठी नेसली,
पिवळी, लाल दात्यांची.
सुधन्वा आला होता. बँकेत साहेब झालाय,
पोट सुटलंय, कानाजवळ पांढरं.
आई पंगतीत वाढत निघाली,
बुंदीचा चमचा त्याच्या पानावर थांबला,
आणि तो काठाकडे बघतच राहिला.

पाहिलं मी. त्याचा उजवा अंगठा
पत्रावळीच्या कडेला हलला,
एकदाच,
उडी मारायच्या जागी.