वर्णानुक्रम

लोटलीहून आली ही दोन बाडं, गोणपाटात गुंडाळून,
पणजीच्या ग्रंथालयात, मागल्या खोलीत, माझ्या टेबलावर.
इंग्रजांचा जुना व्यापारकोश.
चामडं सुक्या बांगड्यासारखं सोलवटलेलं.
मी खळ शिजवते, मैदा आणि चिमूटभर मोरचूद,
फिलोमेन वाचून दाखवते,
माझं इंग्रजी बिलापुरतं.

ज्यानं हा रचला तो कधी गलबतात बसला नसावा.
लंडनमधल्या कुठल्याशा माडीवर, मेणबत्तीपाशी,
खंडी म्हणजे किती, कुडव म्हणजे किती
हे त्यानं पत्रं धाडून विचारून घेतलं.
गोवा त्याला अर्ध्या रकान्यात मावला:
बंदर चांगलं, हवा वाईट, सुपारी, खोबरं,
लोक आळशी.
"आणि माडार कोण चडटालो, हाचो आजो?"
फिलोमेन हसते, पान उलटते.

दुसऱ्या बाडात एस.
मीठ. रेशीम. गुलाम. साबण.
क्रम चोख, एक अक्षर पुढेमागे नाही.
गुलामाखाली वय, दात, नगाचा दर,
आणि शांतपणे, मास्तरानं समजवावं तसं,
की हा धंदा थांबला
तर बाकीच्या धंद्यांचं मूळच सुकेल.
कसरीनं नेमकं तिथं भोक पाडलंय.
दराचा आकडा खाल्लाय.

फिलोमेन केस मागे बांधते.
कुडतरीच्या शाळेत पोरं तिला खाप्री म्हणत.
पणजीच्या पणजीचं नाव
चर्चच्या कुठल्याच वहीत नाही,
केसांत तेवढं उतरलंय.

मी म्हणते, आपल्या अक्षरांत लावून बघ:
गहू, गुलाम, गुलाल, गूळ, गोणी, गोवा.
त्याच्या कोशात दोघांच्या मध्ये अर्धा समुद्र,
आपल्यात एका बोटाचं अंतर.
ती बोट ठेवून बघते.
काही बोलत नाही.

आमच्या कामाचा नियम असा:
भोकावर पातळ कागद लावायचा,
गेलेलं अक्षर आपल्या हातानं लिहायचं नाही.
मी कागद फाडते, कापत नाही,
फाटल्या कडेचे धागे धरून राहतात.
खळीवर साय आली आहे.
ब्रश बुडवते, लावते, वरून जुना दगड ठेवते,
मिरामारच्या वाळूतून आणलेला.

पुढचा शब्द वाच, मी म्हणते.
ती बराच वेळ वाचत नाही.
खाली मांडवीवर फेरीबोट भोंगा देते.
मग:
साबण.