दोन सूत कमी

कूलर काढला की खिडकीत जे चौकोनी भोक उरतं
तिथे आठ वर्षं संत्र्याच्या पेटीची फळी होती.
तिच्यावर शाईचा अर्धा शिक्का, काटोल, आणि पुढे पुसट आकडा.
हे म्हणायचे, काय वाईट आहे? पाणी अडते, मांजर अडते.
उजेडही अडतो, हे मी आठ वर्षं बोलले नाही.
यंदा बोलले.

इतवारीतून काच आणली, चार एमएमची,
ऑटोत मांडीवर, जुन्या चादरीत.
ऑटोवाला काळजीने सारखा मागे वळून बघायचा
आणि म्हणूनच प्रत्येक खड्ड्यात जायचा.
हकीमुद्दीनभाई कापूनच देत होते.
मी म्हटलं, मी कापीन.
त्यांनी माझ्या अंगठ्यावरचा कात्रीचा घट्टा पाहिला.
मग दोन सूत कमी घ्या, म्हणाले,
लाकूड फुगतं ताई, काच नाही फुगत.

सव्वीस वर्षं ब्लाउज बेतले मी.
छाती, मुंढा, गळा, आणि आत नेहमी दाब,
कधी अंग भरलं तर उसवता यावं म्हणून.
जास्त ठेवणं एवढंच मला येत होतं.
कमी ठेवायचं
हे हाताला पटेना.

वरून सतरा इंच तीन सूत.
खालून सतरा इंच पाच.
मधे सतरा आणि एक.
गवंड्याने गुण्या लावून बसवलेली चौकट होती ही,
पण मानेवाड्याची काळी माती
उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते,
आणि वरच्या घराला न विचारता कूस बदलते.
धरा नीट टोक, म्हटलं.
धरलं ना बाप्पा.
हलवू नका.
मी कायले हलवतो? घरच हलून राहिलं.

सगळ्यात लहान माप घ्यायचं, त्यातून दोन सूत वजा.
सोळा इंच सात सूत.
खडू काचेवर टिकत नाही,
मृण्मयीच्या जुन्या कंपासमधला स्केचपेन चालला, जांभळा.
रॉकेल कुठून आणणार आता?
कटरच्या चाकाला शिलाई मशीनचंच तेल दिलं.

रेघ एकदाच ओढायची.
रेघेवर रेघ नाही, कच्चा टाका नाही, उसवणं नाही.
आवाज यावा कोऱ्या मांजरपाटाचा काठ फाडल्यासारखा,
आणि येत होता, अर्ध्यापर्यंत येत होता,
तेवढ्यात हे म्हणाले, चहा ठेवू का?

काच माझी रेघ सोडून त्यांच्या बाजूला गेली.
त्यांनी तुकडे वेचले, पेपरात बांधले,
वर पेनाने लिहिलं: काच आहे, सांभाळून.
कचरागाडीवरच्या पोरासाठी.
मग विचारलं, माझ्यामुळे ना?
हो, म्हणाले मी.

अजून एका चुकीपुरती काच उरली होती.
या वेळी हे भिंतीला टेकून उभे राहिले.
झोपेतही गप्प न राहणारा माणूस,
श्वास धरून.
पूर्ण रेघ. खाली पेन्सिल सरकवली,
दोन्हीकडून अंगठे दाबले.
टक्.
एवढंच.
दोघांनाही वाटलं, अजून काहीतरी व्हायचं आहे.

लांबी भरली नाही.
मार्च लागला की कूलर परत येणार, काच निघणार,
म्हणून नुसते चार बारीक खिळे, अर्धे ठोकलेले.
फळी यांनी टाकली नाही. पलंगाखाली आहे,
असू द्या म्हणे, पुढच्या वर्षी काय सांगता येते.

रात्री वारा सुटला की काच वाजते,
त्या ठेवलेल्या दोन सुतांत.
वाजून राहिली ना, अंधारात हे म्हणतात.
वाजू द्या, मी म्हणते.
कुशीवर वळते, आणि मधे थोडी जागा ठेवून
ऐकत पडते.