पंचवीसचं गिरमिट

भूपालशेठच्या दुकानात
वस्तू नंतर मिळते,
आधी प्रश्न.

लाकूड कुठलं?
ठाऊक नाही, धुरानं काळं पडलंय.
जाडी?
सहा इंच. नऊ तुळया, एकीमागं एक.
पाइप?
वीसचा.
आणि वायरमन कुठाय?
मीच.
चष्म्यावरनं बघतात. मग शिडी चढतात.

काउंटरवर पहिलं येतं चपटं पातं.
'स्वस्त आहे. प्लायला चालतंय.
जुन्या लाकडात नुसतं ओरबाडतं,
पलीकडं निघताना ढलपी काढतं.'

मग गिरमिट, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, तेलकट.
'टोकाचे आटे बघ. हे आपलं आपण आत शिरतं.
तू फक्त सरळ धरायचं.
रेटायची सवय असली तर नेऊ नको.'
कडेला दोन काटे, भोक गोल कापणारे.
'खिळा लागला, की हे गेले.'

म्हणून तिसरं : काटे नाहीत, धार जाड.
'जहाजाच्या कामाचं म्हणतात याला.'
सांगलीत जहाज? मी हसले.
'पुरात पेठेतनं होड्या गेल्या,
तेव्हा कुठं होतीस?'

मी तिसरं घेतलं.

हरिपुरात अक्काताई नांद्र्यांच्या घरी
भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीला लागते.
बटणं आता रेघेच्या वर,
वायर त्याहून वर, माळ्याच्या तुळयांतनं.

तुळईला वरनं दाब, खालनं ताण.
मधोमध तेवढी थोडी जागा,
तिथं ती आपल्याला भोक पाडू देते.
पेन्सिलीनं खूण केली. ड्रिल हळू ठेवलं.
पहिल्या तिन्ही लोण्यासारख्या.
चौथीत खिळा.
मनगट असं पिरगाळलं की शिडीवरच बसले.
कंदिलाचा असंल, अक्काताई म्हणाल्या,
नाहीतर लसणाच्या जुडीचा.
परत लावलं. करकरत, थांबत, कापत गेलं
आणि पलीकडनं उजेड आला, रुपयाएवढा.

खाली भुसा पडला, पिवळाजर्द.

फणस आहे, मी म्हटलं. फणसाचं लाकूड पिवळंच असतं.
'फणस कुठला?
वरती हळदीची पोती असायची, सासऱ्यांच्या वक्ताला.'
हळद एवढी आत जाते होय?
त्यांनी उत्तर दिलं नाही.
कनवटीची डबी काढली,
चिमूटभर भुशावर नखानं चुना लावला
आणि तळहातावर मळत राहिल्या,
पान खाणारी बाई मळते तशी, घाई न करता.

हळद असेल तर लाल होईल.

अंगठा लालसर दिसला खरा.
पण तो सकाळच्या पानाचाही असेल,
आणि माळ्यावर उजेड म्हणजे
माझ्या त्या चार भोकांतला.

'बघ,' त्या म्हणाल्या, हात पुढं करून.
मी बघितलं.
मग बिटाच्या आट्यांत अडकलेला कीस
खिळ्यानंच काढला,
आणि शिडी सरकवली.
अजून पाच तुळया होत्या.