लाकडी बूट

मेम पुलाच्या टपरीतून गळ बाहेर काढते.
गळाला मासा नाही, लाकडी बूट;
खालून सरकणाऱ्या पांढऱ्या नावेच्या नाकासमोर
तो झुलतो, टोल मागत.

सोमवारी डेल्फ्टला माझी परीक्षा.
मांडीवर वही. ‘आभासी विस्थापन’ लिहून
पुढची ओळ पाचदा खोडलेली.
काय अडलंय, रिक्स्ट?
म्हटलं, एक सरकणं आहे, जे सरकत नाही.
तुझ्या बापाचा नांगर तसाच होता, ती म्हणते,
आणि दोरी जराशी सैल सोडते.

बघ. घड्याळ थांबव.
नाव थांबली, पाण्यावरची बदकं थांबली,
तुझा पुढे झुकत चाललेला हातसुद्धा.
आता बुटाला विचार: केसभर मुभा दिली
तर कुठे जाशील?
दोरीच्या रेघेत नाही. दोरी ना वाढते, ना आटते.
फक्त तिला काटकोनात, इकडे किंवा तिकडे.
जायचं नाहीच. नुसतं विचारायचं.
आणि या विचारण्यात दोरीचं काम
शून्य.

शून्य?
मेम नावेकडे बघतच विचारते.
बूट, नाणी, वर हा वारा, सगळं तिनेच धरलंय ना?
धरलंय. पण धरणं हिशेबात येत नाही.
कोणाच्या हिशेबात?

मी वहीची पानं उलटते.
घड्याळ चालू केलं तर येतं, मेम.
हात हलतो, दोरी ओढते, तेव्हा तीही राबते.
पण कागदावर आम्ही आधी वेळ काढून घेतो.
सोयीचं आहे, ती म्हणते.

मग बराच वेळ काही नाही.
नाव पुलाखाली शिरते, तिची सावली आधी.

मीही करते हे, ती म्हणते.
संध्याकाळी शेवटची नाव गेली की
फळी पाडायच्या आधी उभी राहते.
हार्लिंगनला गेले तर? बेटावर, बहिणीकडे?
पाऊल उचलत नाही. बघते फक्त,
कुठल्या बाजूला उतार लागतो.

पुस्तकात लिहिलंय: कुठेच उतार लागला नाही,
तर वस्तू समतोलात.
लागतो का?

ती दोरी गुंडाळते, हाताला हात लावून,
बूट वर येतो, ठिबकत.
आत दीड युरो आणि पेपरमिंटची एक गोळी.
पन्नास सेंट कमी, ती म्हणते,
आणि गोळी माझ्या वहीवर ठेवते,
खोडलेल्या ओळीवर.