टॉवेल आणू नयेत

कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलंय:
टॉवेल आणू नयेत, जहाजावर मिळतील.
मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून
मग नरसम्माला वाचून दाखवलं.
ती हसायला लागली ती थांबेचना.
वदिना, म्हणाली, सव्वीस वर्षं टॉवेलाचे काठ मारलेस,
आता तुलाच कुणीतरी घडी करून देणार.

चार दिवस झाले, बॅग पलंगावर उघडीच आहे.
रात्री एक वस्तू आत जाते,
सकाळी दोन बाहेर येतात.
तिकिटं पुतण्यानं काढलीत, मुंबई ते गोवा, तीन रात्री,
आणि रोज फोनवर एक नवी सूचना.
काकू, चादर नको. तिथं पांघरूण असतं.
सोलापुरातून निघायचं आणि चादर न्यायची नाही?
मग जहाजाच्या कप्तानाला काय देणार, मी विचारलं.
पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

खायचं काही चालत नाही म्हणे.
शेंगाचटणी आत. शेंगाचटणी बाहेर.
कडक भाकऱ्या मात्र नरसम्मानं
साड्यांच्या घड्यांत अशा बसवल्यात
की निऱ्या कुठल्या, भाकरी कुठली, कळू नये.
मोडतील की गं.
मोडल्या तर चुरा खाऊ.

दुसऱ्या रात्री सगळ्यांनी पांढरं घालायचं असतं.
वर नाच असतो, दिवे असतात, पुतण्या म्हणाला.
नरसम्मा हातातली घडी तशीच धरून बसली.
ते गेले तेव्हा सगळ्यांनी पांढरंच पुढं केलं होतं,
मी हात लावला नाही.
आता नाचायला नेसू?
वद्दू, वदिना. वद्दू.
आणि जांभळी इरकल बॅगेत सगळ्यात वर ठेवली,
उघडली की आधी तीच दिसावी अशी.

बुधवारी निघायचं, आणि बुधवारीच पाण्याची पाळी.
नळ येणार अकराला, गाडी साडेदहाची.
शेजारच्या राजमणीला किल्ली दिली, पिंप दाखवलं,
कुठली घागर गळते तेही सांगितलं.
ती म्हणाली, नजर जाईल तिथं पाणी बघायला चाललीस
आणि दोन घागरींसाठी जीव टाकतेस!
खरंय. पण ते पाणी
भरून ठेवता येत नाही.

ओव्याची पुरचुंडी, आवळासुपारी, गुडघ्याचं तेल.
अंबण्णाच्या दुकानात सुताच्या काट्यावर बॅग ठेवली.
साडेतेरा किलो, तो म्हणाला, आणि सवयीनं
पावती फाडायला लागला.

राहिली कातर.
बोटभर. काळ्या दोरीत ओवलेली.
सव्वीस वर्षं गळ्यात होती,
रविवारीसुद्धा हात आपोआप तिथं जायचा.
सातव्या ओळीत लिहिलंय: धारदार काही आणू नये.
काढली. देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला अडकवली,
तर मान हलकी वाटायच्या ऐवजी
उघडी वाटायला लागली.

पण टॉवेल उलटून बघणारच मी.
पहिल्याच रात्री, ही घोरायला लागली की
कोपरा धरून काठ नखाखालून नेईन.
टॉवेलावर बाईचं नाव नसतं.
शेडमध्ये आम्ही चाळीस जणी होतो,
खोक्यावर फक्त कुठल्यातरी बंदराचा पत्ता असायचा.
तरी अक्कलकोट रोडचा कोपरा मला कळतो,
आम्ही तिथं टाका परत मागं घेतो, दोनदा,
सुपरवायझर नको म्हणायचा तरी.

आणि कळला तर काय करशील, नरसम्मा विचारते.
करायचं काय. एखादा धागा लोंबत असेल
तर दातानं तोडीन. समोरचे दोन आहेत अजून,
ते काही कुणी दारावर काढून घेत नाही.
मग त्यालाच तोंड पुसून
झोपेन.